बिल्डरची पत गरिबांच्या कामी: जेम्स राउस आणि वॉशिंग्टनच्या दोन इमारती

1973 साली वॉशिंग्टनमधल्या एका लहानशा चर्चच्या काही सभासद बायका जेम्स राउस या बिल्डरचा सल्ला घ्यायला गेल्या. अ‍ॅडम्स मॉर्गन वस्तीत दोन भाड्याच्या इमारती विकायला निघाल्या होत्या आणि त्या यांना घ्यायच्या होत्या. एकीचं नाव रिट्झ, दुसरीचं मोझार्ट. नावं अशी भपकेबाज, पण इमारती मोडकळीला आलेल्या आणि भाडेकरू बहुतेक हातावर पोट असलेले. बायकांजवळ ना पैसे होते, ना बांधकामाचा अनुभव. राउसनी सगळं ऐकून घेतलं आणि कोणताही जाणकार माणूस देईल तोच सल्ला दिला: या फंदात पडू नका.

पुढे त्या पुन्हा आल्या त्या विसार देऊन. विसार परत न मिळणारा होता. आता राउसनी काय करायचं, हे या प्रकरणातलं कोडं. त्याआधी हा माणूस कोण, ते पाहायला हवं, कारण या प्रसंगात उपयोगी पडलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या धंद्यातूनच आलेली होती.

माणूस

राउस यांचा जन्म 1914 चा, मेरीलँड राज्यातल्या ईस्टन या छोट्या गावातला. 1930 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, एकाच वर्षात आई गेली, वडील गेले आणि राहतं घर कर्जापायी गेलं. पैशाअभावी कॉलेज अर्धवट सुटलं. बाल्टिमोरला येऊन ते दिवसा एका गॅरेजमध्ये गाड्या लावायचं काम करत आणि रात्रीच्या वर्गात कायदा शिकत. 1937 मध्ये वकिलीची पदवी मिळाली, पण त्याआधीच गृहकर्जांना विमा देणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी लागली होती. 1939 मध्ये हंटर मॉस या भागीदाराबरोबर त्यांनी स्वतःची गृहकर्ज कंपनी काढली. म्हणजे घर बांधण्याआधी ते घरासाठी पैसा कुठून आणि कोणत्या अटीवर येतो हे शिकले.

त्या सरकारी खात्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जाला अपात्र ठरवण्याची रीत त्याच खात्याच्या नियमपुस्तिकेने पक्की केली. पुढे अ‍ॅडम्स मॉर्गनसारख्या वस्त्यांमध्ये बँका पाय ठेवायला तयार नसत, त्यामागे हाच इतिहास होता. राउस त्याच व्यवस्थेत वर आले. त्यांच्या गौरवलेखांत हा भाग सहसा येत नाही.

1950 च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये पडझड झालेल्या वस्त्या पाडायच्या की दुरुस्त करायच्या, असा वाद होता. दुरुस्तीच्या बाजूने जी मोहीम निघाली तिला ‘बाल्टिमोर प्लॅन’ म्हणत. आरोग्य खात्याचा निरीक्षक एकदा येणार, अग्निशमनचा दुसऱ्यांदा, इमारत खात्याचा तिसऱ्यांदा आणि घरमालक तिघांनाही टोलवणार, हा खेळ बंद करून सगळ्यांनी मिळून गल्ली-गल्ली तपासायची, नियमभंगाची यादी करायची, मालक ऐकत नसेल तर घरांसाठीच्या खास न्यायालयात न्यायचं. ज्या गरीब घरमालकांना दुरुस्ती झेपत नव्हती त्यांच्यासाठी वेगळा निधीही उभा राहिला. राउस या कामाच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते, बिनपगारी. शहर या सगळ्यासाठी एक स्वतंत्र खातं काढायला तयार होईना, तेव्हा 1953 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

धंदा मात्र जोरात होता. 1958 मध्ये बाल्टिमोरजवळ हॅरनडेल मॉल उघडला, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या बंदिस्त मॉलपैकी एक. मग बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या मधोमध शेतजमीन घ्यायला सुरुवात झाली. भाव चढू नयेत म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने, गुपचूप. सुमारे 14,000 एकर हाती आल्यावर 1963 मध्ये घोषणा झाली आणि 1967 मध्ये कोलंबिया हे नवं शहर सुरू झालं. त्यात पहिल्या दिवसापासून गोऱ्या-काळ्या दोघांनाही घरं विकली गेली. घरविक्रीतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा देशव्यापी कायदा यायला तेव्हा अजून वर्ष होतं.

नियमभंग मोजायची सवय, कर्जाची नस आणि स्वतःचं नाव, इतकं घेऊन राउस 1973 मध्ये त्या बायकांसमोर बसले होते.

इमारती

रिट्झ युक्लिड स्ट्रीटवर आणि मोझार्ट तिच्या मागच्या बाजूला फुलर स्ट्रीटवर. दोन्ही मिळून 90 घरं. जवळच्या चौदाव्या रस्त्यावर 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर जाळपोळ झाली होती आणि पाच वर्षांनीही तिथली दुकानं पुरती सावरलेली नव्हती. अ‍ॅडम्स मॉर्गन हे वस्तीचं नाव दोन शाळांवरून पडलेलं, एक गोऱ्या मुलांची आणि एक काळ्या मुलांची. या वस्तीत मिश्र लोकसंख्या टिकावी असा प्रयत्न तिथले लोक वर्षानुवर्षं करत होते.

चर्चचं नाव ‘चर्च ऑफ द सेव्हियर’. गॉर्डन कॉस्बी हे त्याचे धर्मोपदेशक. सभासद मोजकेच, कारण सभासद होणं मुद्दाम अवघड ठेवलेलं. प्रत्येकाने एखादं काम अंगावर घ्यायचं, हा दंडक. 1960 पासून त्यांचं ‘पॉटर्स हाउस’ नावाचं कॉफीघर जवळच्या कोलंबिया रोडवर चालू होतं. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून घरांची हालत त्यांना कळत होती.

दोन्ही इमारतींवर महापालिकेने नोंदवलेले नियमभंग 900 च्या वर होते. हा आकडा कसा होतो ते पाहा. गळका नळ हा एक नियमभंग, फुटलेली काच दुसरा, उघडी तार तिसरा, आगीच्या वेळी बंद राहायला हवा तो दरवाजा निखळलेला असेल तर तो चौथा. 90 घरांत प्रत्येकी आठ-दहा अशा गोष्टी धरल्या, जिने आणि तळघर मिळवलं, की आकडा तिथे पोहोचतो. यातली एकेक गोष्ट मामुली असते. इमारत मारते ती त्यांची बेरीज. मुंबईच्या जुन्या चाळीत राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

राउस यांचा पहिला सल्ला बरोबर होता

हे प्रकरण सांगताना बहुतेक लोक राउस यांचा नकार ‘व्यापारी बुद्धी’ म्हणून बाजूला टाकतात. मला तो अन्याय वाटतो. हिशेब मांडून पाहा. भाडेकरू गरीब, म्हणजे भाडं वाढवता येत नाही. भाडं वाढत नाही म्हणजे कर्जाचा हप्ता फेडायला उत्पन्न अपुरं. जुन्या इमारतीत गिलावा काढल्याशिवाय आत किती कुजलंय ते कळत नाही, म्हणजे दुरुस्तीचा आकडा कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. त्यात वस्ती अशी की बँक दारात उभी करणार नाही. खरेदी झाली, पैसे संपले आणि दुरुस्ती अर्ध्यावर अडकली, तर नव्या मालकावरच नियमभंगाचे खटले भरायची पाळी. सद्‌भावनेने घेतलेली इमारत दोन वर्षांत लिलावात निघाली तर भाडेकरूंचे हाल आधीच्या मालकाच्या काळापेक्षा वाईट होणार.

पण विसार दिला गेल्यावर प्रश्नच पालटला. इमारती घ्याव्यात की नाही, हे आता राउस यांच्या हातात नव्हतं. ते ठरून गेलं होतं. उरला होता तो एवढाच प्रश्न, की या लोकांना बुडू द्यायचं का.

त्यांच्यापुढे निदान तीन वाटा होत्या. एक, हळहळ व्यक्त करून निरोप द्यायचा. दुसरी, एक बरीशी देणगी द्यायची. बहुतेक श्रीमंत माणसं हेच करतात आणि त्यात वाईट काही नाही, पण देणगीने फार तर विसाराचं नुकसान भरून निघालं असतं, इमारती हाती आल्या नसत्या. तिसरी वाट, कर्ज उभं करून द्यायचं.

राउसनी तिसरी वाट धरली. खरेदीसाठी सव्वासहा लाख डॉलर आणि दुरुस्तीसाठी आणखी सव्वा लाख, एवढी रक्कम त्यांनी कर्जातून उभी करून दिली आणि त्यामागे आपली पत उभी केली. चर्चच्या लोकांनी ‘जुबिली हाउसिंग’ नावाची संस्था काढली आणि इमारती तिच्या ताब्यात आल्या.

या रकमेतला दुरुस्तीचा वाटा पाहिला की कुणीही कंत्राटदार हसेल. 90 घरं आणि सव्वा लाख डॉलर, म्हणजे घरामागे 1,400 डॉलरसुद्धा नाहीत. एवढ्यात काम बसवायचं तर मजुरी फुकट हवी. ती चर्चमधून आणि वस्तीतून आली. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी माणसं येत, कचरा उपसत, गिलावा करत, रंग देत. आपल्याकडे ज्याला श्रमदान म्हणतात तेच हे, फक्त एखाद्या शनिवारचं नव्हे तर काही वर्षं चाललेलं. भाडेकरूंना बाहेर काढून इमारत चकाचक करायची आणि मग नवे, जास्त भाडं देणारे लोक आणायचे, हा सोपा मार्ग मुद्दाम टाळला होता. लोक राहत होते आणि त्यांच्याभोवती काम चालू होतं. ज्याने स्वयंपाकघर चालू ठेवून घराची डागडुजी केली आहे, त्याला हे किती जिकिरीचं असतं ते ठाऊक असेल. हळूहळू नियमभंगाची यादी निकालात निघाली. कारभाराच्या समित्यांवर भाडेकरूही बसू लागले.

राउस यांच्या कंपनीसाठी हा काळ बरा नव्हता. 1974 च्या मंदीने अमेरिकेतल्या बांधकाम धंद्याचं कंबरडं मोडलं आणि कोलंबियावरच्या कर्जाचा बोजाही डोईजड झाला. तरी जुबिलीशी नातं तुटलं नाही. उलट चर्चच्या लोकांनी पुढे आणखी इमारती घेतल्या आणि घरांपाठोपाठ दवाखाना काढला, 1981 मध्ये ‘जुबिली जॉब्ज’ नावाचं रोजगार केंद्र काढलं. यातलं काही कुणी आधी आखलेलं नव्हतं. भाडं थकतं कारण नोकरी नाही, नोकरी टिकत नाही कारण तब्येत नाही, हे एकेका बिऱ्हाडाकडे पाहून कळत गेलं आणि त्या क्रमाने काम वाढलं.

मोठा आवाका

1979 मध्ये राउस कंपनीच्या कारभारातून बाजूला झाले आणि 1982 मध्ये पत्नी पॅटी यांच्यासह त्यांनी ‘एंटरप्राइझ फाउंडेशन’ सुरू केलं. जुबिलीचा अनुभव देशभर न्यायचा, म्हणजे जिथे जिथे छोट्या स्थानिक संस्था घरं दुरुस्त करू पाहतात तिथे त्यांना कर्ज, तांत्रिक सल्ला आणि खर्च कमी करण्याच्या युक्त्या पुरवायच्या, असा बेत होता.

पैशासाठी त्यांनी जी योजना केली ती अस्सल बिल्डरी डोक्यातून निघालेली. बोस्टनमधला फॅन्युइल हॉल बाजार (1976) आणि बाल्टिमोरचा हार्बरप्लेस (1980) हे त्यांच्या कंपनीचे प्रकल्प तुफान चालले होते. जुन्या शहराच्या मध्यावर खाण्यापिण्याची आणि किरकोळ वस्तूंची दुकानं, भोवती गर्दी, असा तो प्रकार. 1981 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने राउसना मुखपृष्ठावर घेतलं ते यामुळेच. मग फाउंडेशनच्या मालकीची एक नफा कमावणारी कंपनी काढायची, तिने मध्यम शहरांत असेच बाजार बांधायचे आणि नफा गरिबांच्या घरांकडे वळवायचा. कागदावर याहून सुबक काही असू शकत नाही.

प्रत्यक्षात काय झालं? ओहायोतल्या टोलिडोचा पोर्टसाइड 1984 मध्ये उघडला आणि 1990 मध्ये बंद पडला. मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये 1985 मध्ये वॉटर स्ट्रीट पॅव्हिलियन झाला. पण फ्लिंट हे जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर जगणारं गाव, तिथे कामगारकपात चालू होती. हातातला पगार सुटलेला माणूस शनिवारी मजेत खरेदीला येत नाही. रिचमंडमध्ये तर ब्रॉड स्ट्रीटवरून पूलच बांधला होता. रस्त्याच्या एका बाजूला काळ्यांचा भाग, दुसरीकडे गोऱ्यांचा आणि पुलावरच्या बाजाराने दोन्ही जोडले जातील अशी आशा. तो बाजारही चालला नाही आणि पुढे पाडला गेला. बोस्टनमध्ये पर्यटक होते, ऑफिसं होती, पैसेवाले तरुण होते. या गावांत त्यातलं फारसं काही नव्हतं. राउससारख्या मुरलेल्या माणसाला हे दिसलं नसेल असं वाटत नाही. मला वाटतं, एव्हाना त्यांना आपल्या यशावर जरा जास्तच विश्वास बसला होता.

खरा पैसा आला तो वेगळ्याच दाराने. 1986 मध्ये अमेरिकेच्या करकायद्याची फेरमांडणी झाली, तेव्हा कमी उत्पन्न गटाच्या घरांसाठी करसवलतीची तरतूद त्यात आली. ती यावी म्हणून जोर लावणाऱ्यांत एंटरप्राइझ पुढे होती. तिची रचना अशी: गरिबांसाठी भाड्याची घरं बांधणाऱ्याला सरकार रोख पैसे देत नाही, दहा वर्षं कर कमी भरायचा हक्क देतं. बांधणाऱ्याला स्वतःला एवढा कर लागू नसतो, म्हणून तो हा हक्क बँका-कंपन्यांना विकतो आणि आलेल्या पैशातून इमारत उभी करतो. बदल्यात ठरलेल्या मर्यादेतच भाडं घ्यायचं आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांनाच घरं द्यायची. या मार्गाने आजवर 30 लाखांहून अधिक घरं झाली.

अर्थात यातही मेख आहे. अट 15 वर्षांची होती, ती 1990 पासून 30 वर्षांची झाली, पण मुदत संपली की खासगी मालक बाजारभावाने भाडं लावायला मोकळा. जुबिलीसारखी ना-नफा संस्था मालक असेल तर तो धोका नसतो. तिथे घर संस्थेचं आणि संस्था त्याच कामासाठी काढलेली.

सँडटाउन

राउस यांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा डाव त्यांच्या स्वतःच्या शहरात होता. पश्चिम बाल्टिमोरमधली सँडटाउन-विंचेस्टर ही 72 चौकांची वस्ती, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय, ओस पडलेल्या घरांच्या रांगा असलेली. 1990 मध्ये महापौर कर्ट श्मोक, एंटरप्राइझ आणि चर्चांच्या आधाराने चालणारी बिल्ड ही नागरिकांची संघटना एकत्र आली. आतापर्यंत घरं वेगळी, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे असं तुकड्यातुकड्याने होत आलं, इथे सगळं एकदम करायचं, असं ठरलं. वस्तीतल्या लोकांना घेऊन लांबलचक बैठका झाल्या. शेकडो घरं नवी झाली किंवा दुरुस्त झाली. काही वर्षांत मिळून 13 कोटी डॉलरहून जास्त पैसा गेला. 1995 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी राउसना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला आणि 9 एप्रिल 1996 रोजी स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने ते कोलंबियातच गेले.

एप्रिल 2015 मध्ये याच वस्तीतला फ्रेडी ग्रे हा 25 वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या जखमांनी मेला आणि बाल्टिमोर पेटलं. तेव्हा सगळ्या देशाने सँडटाउनचे आकडे वाचले. शेजारच्या हार्लेम पार्कसह धरलं तर साधारण एक तृतीयांश घरं रिकामी आणि 16 ते 64 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना काम नाही. मग साहजिकच प्रश्न आला, राउस आणि मंडळींनी ओतलेला पैसा पाण्यात गेला का?

ज्या कुटुंबांना पक्कं घर मिळालं त्यांच्या बाबतीत नाही. वस्तीच्या बाबतीत मात्र उत्तर नकारार्थी देणं कठीण आहे. याचं खापर एकदम हाती घेतलेल्या कामांच्या पसाऱ्यावर फोडणारे आहेत आणि त्यात थोडं तथ्य आहे. वॉशिंग्टनमध्ये दवाखाना आणि रोजगार केंद्र गरजेपाठोपाठ आलं, इथे आराखड्यातून आलं. पण माझ्या मते जास्त वजन शहरांतल्या फरकाला आहे. वॉशिंग्टन सरकारी नोकऱ्यांचं शहर. मधली काही दशकं तिथली वस्ती घटली खरी, पण पुढे ती पुन्हा वाढली आणि अ‍ॅडम्स मॉर्गनमध्ये तर भाडी इतकी चढली की जुबिलीला आता गरिबांना तिथे टिकवून धरण्यासाठी झगडावं लागतं. बाल्टिमोरची लोकसंख्या 1950 मध्ये साडेनऊ लाख होती, 2020 मध्ये ती सहा लाखांच्याही खाली आली. घराला कर्ज मिळवून देणं, नियमभंगाची यादी संपवणं, भाडेकरूला समितीवर आणणं, हे राउस यांच्या हातचं होतं. शहराबाहेरच्या स्पॅरोज पॉइंटचा बेथलेहेम स्टीलचा कारखाना एके काळी 30,000 माणसांना पगार देत होता. तो 1990 मध्ये सँडटाउनची आखणी चालू असतानाच आकसत चालला होता आणि 2012 मध्ये कायमचा बंद झाला.